आबाजींची बाभूळ आणि वाकलेली पट्टी

माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की त्याला आपल्या सदसद्विवेकबुद्धीसमोर एकट्यानं उभं राहावं लागतं. माझ्या आयुष्यात तो गोठ्यात आला. मी उभा नव्हतो, उकिडवा बसलो होतो. आणि एकटाही नव्हतो, कारण म्हैस होती. माझ्या हातात पोलादाची एक लांब चपटी पट्टी होती. एक डोळा मिटून मी तिच्या कडेवरून पाहत होतो. पट्टी सरळ असेल तर कड एका रेघेत दिसते. मला दिसत होता तो आमच्या गावचा नाला. निम्म्यापर्यंत तो नीट येत होता आणि मग उजवीकडे वळत होता.

ही पट्टी पेट्रोलवर चालणाऱ्या, लाकूड कापायच्या मशीनची. तिच्या कडेला खाच असते, त्या खाचेतून दातेरी साखळी गरगर फिरते आणि लाकूड कापते. पट्टी वाकली की साखळी अडकते, नाहीतर उतरते, नाहीतर लाकडात तिरकी शिरते. गावात या मशीनला कटर म्हणतात. कटर माझं असतं तर हे लिहायचं काही कारण नव्हतं. ते गावाचं होतं, आणि नेमकं सांगायचं तर गावाच्या स्मशानाचं.

आमचं गाव आंजीच्या रस्त्यावर आहे. 'आमचं' म्हणजे माझ्या बायकोचं. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावर तिच्या वाट्याच्या जमिनीवर राहायला आलो. ती वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावते आणि मी ते खातो. एका पावसाळ्यात गावात एक म्हातारी गेली, तेव्हा कुऱ्हाडींनी ओली लाकडं फोडता फोडता संध्याकाळ झाली. नागपूरहून आलेले पाहुणे शोक संपवून कंटाळ्यापर्यंत पोचले. त्यानंतर गावानं ठरवलं की मशीन घ्यायची.

मशीन आली तेव्हा तिचं लोकार्पण झालं. मंडप होता, बॅनर होता. बॅनरवर इतक्या लोकांचे फोटो होते की मशीनच्या फोटोला जागा उरली नव्हती. प्रमुख पाहुण्यांनी मशीनला हार घातला, नारळ फोडला आणि 'अंतिम प्रवास सुखकर होवो' असं म्हणाले. कोणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही. पण समोरच्या पहिल्या खुर्चीवर आबाजी बसले होते. ते गावातले सगळ्यात वयस्कर. त्या वाक्याबरोबर मंडपातल्या पुष्कळ माना त्यांच्याकडे वळल्या.

"माह्याकडे काऊन पाहून राह्यले बे?" आबाजी म्हणाले. "मशीनकडे पाहा."

मग मशीन ठेवायची कोणाकडे, हा प्रश्न आला. स्मशान समितीच्या अध्यक्षांनी माझं नाव सुचवलं आणि त्याचं कारणही सर्वांसमोर दिलं. "जवाईबापूकडेच ठेवा. त्याईच्यानं ते वापरल्याच जाणार नाई."

मी हे सन्मान म्हणून घेतलं आणि दोन शब्द बोललो. इथंच मी चुकलो. मी म्हणालो की सार्वजनिक वस्तू खासगी कामाला लागली की तिची वाट लागते, म्हणून नियम करू या: कटर फक्त सरणाच्या लाकडासाठी सुरू होईल, दुसऱ्या कशासाठीही नाही. टाळ्या झाल्या. नियम माझा म्हणून गावात ओळखला जाऊ लागला. त्यानंतर बरेच महिने गावात कोणी गेलं नाही. मशीन आल्यापासून लोकांनी मरणंच सोडलं, असं पारावर म्हणायचे. म्हणणाऱ्यांच्या आवाजात किंचित तक्रार असायची.

आता बाभळीचं. आमच्या आणि आबाजींच्या वावराच्या मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक जुनी बाभूळ होती. तिची सावली सकाळभर बायकोच्या वांग्यांवर पडायची. बायको म्हणायची, बाभूळ आपली आहे, तोडा. आबाजी म्हणायचे, बाभूळ त्यांची आहे, हात लावून दाखवा. मला ते थेट कधी बोलले नाहीत. मी गावचा जावई. जावयाला शिवी देत नाहीत. त्यामुळे माझ्या वाट्याच्या सगळ्या शिव्या आबाजी गावच्या लेकीला, म्हणजे माझ्या बायकोला द्यायचे आणि ती त्या मला घरी आणून पोचवायची.

सोयाबीन काढायच्या दिवसांत आबाजींना दम लागला आणि त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती केलं. मुलगा त्यांच्याबरोबर गेला. धुऱ्यापलीकडे कोणी नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, की मशीन नुसती ठेवली तर तिचं इंजिन जाम होतं, अधूनमधून चालवून पाहणं ही राखणदाराची जबाबदारी आहे. जबाबदारी पार पाडायला लाकूड लागतं. लाकूड धुऱ्यावर होतं. त्या दिवशी जवळच्या वावरात थ्रेशर चालू होतं आणि त्याच्या आवाजात माझा आवाज कोणाला ऐकू येणार नाही, हे मात्र मी मशीनच्या हितासाठी पाहिलं नव्हतं.

बाभूळ पडली. तूर उभी होती, तिच्या आड ती आडवी झाली. मला फार बरं वाटलं. मग मी खोडाचे तुकडे करायला घेतले. खोड दोन्ही टोकांना टेकलेलं आणि मधे अधांतरी होतं. अशा खोडाला वरून कापलं की ते खचतं आणि काप मिटतो, पट्टी दाढेत धरल्यासारखी अडकते. हे मला नंतर कळलं. अडकलेली पट्टी पाचर ठोकून सोडवायची असते, हेही नंतरच. मी मशीन धरून पिळली. बाभूळ हलली नाही. पट्टी निघाली, पण वाकून.

घरी आल्यावर बायकोनं पट्टी पाहिली.

"मी झाड तोडा म्हटलं होतं," ती म्हणाली. "मशीन तोडा असं नव्हतं म्हटलं."

"वाकलीय फक्त."

"मंग सरळ करा. कोनाले लागत नाई तवरक."

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्याची गाडी आबाजींच्या दारात उभी राहिली. डॉक्टरांनी 'घरी न्या' म्हणून सांगितलं होतं. 'घरी न्या'चे अर्थ दोन असतात. बरे झालात, हा एक. दुसरा कोणी बोलून दाखवत नाही. गाडीतून आबाजींना उचलून खाटेवर आणलं ते पाहून गावानं दुसरा अर्थ घेतला. तासाभरात अध्यक्ष माझ्या ओट्यावर आले.

"जवाईबापू, मशीनमंदी पेट्रोल आहे ना?"

"आहे."

"अन् सुरू होते ना? येन टाइमले फजिती नको."

"होते सुरू," मी म्हणालो. ते खरं होतं. सुरू व्हायला पट्टी लागत नाही.

ते गेल्यावर मी गोठ्यात गेलो. वर सांगितलेला क्षण तो हाच. मी पाटा आणला, त्यावर पट्टी ठेवली आणि हातोडीनं फुगीर बाजूवर ठोकायला लागलो. पुन्हा कडेवरून पाहिलं. वळण उजवीकडे होतं ते आता डावीकडे गेलं होतं आणि पुढं जाऊन परत उजवीकडे येत होतं. एका वाकाचे दोन झाले. बायको दारात येऊन उभी राहिली.

"काऊन ठोकून राह्यले? म्हैस दूध चोरून राह्यली."

"पट्टी सरळ करतोय."

"तो पाटा आहे," ती म्हणाली, "ऐरण नाई. अन् त्याच्यावर मी चटणी वाटते."

नवी पट्टी घ्यावी, हा सरळ मार्ग होता. मी वर्ध्याच्या दुकानात फोन केला. या मापाची पट्टी नागपूरहून येते आणि दिवाळी झाल्याशिवाय माल निघत नाही, असं उत्तर मिळालं. दिवाळी तोंडावर होती. आबाजी दिवाळीपर्यंत थांबतील का, असा प्रश्न माझ्या मनात आला. तो कोणत्या भावनेनं आला हे मला नीट माहीत होतं.

म्हणून मी आबाजींना पाहायला गेलो. मग रोज जायला लागलो.

आबाजी खाटेवर उताणे असायचे, डोळे मिटलेले. मी बाजूच्या स्टुलावर बसायचो आणि त्यांच्या पोटाकडे पाहायचो. पोट वर जायचं, थांबायचं, मग खाली यायचं. ते थांबलं की मीही थांबायचो. खाली आलं की मी सुटकेचा श्वास टाकायचो. आबाजींची सून चहा आणून द्यायची आणि तो सुस्कारा तिला ऐकू यायचा.

"किती जीव लावते तुमी," ती एकदा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आमच्या घरचे लोकं तासभर बसत नाई."

मी चहात पाहिलं. लोकांना माझं येणं दिसत होतं. धुऱ्यावरून इतकी वर्षं भांडण, आणि आता पाहा, असं बायका विहिरीवर बोलू लागल्या. बायकोनं मला ते जेवताना सांगितलं. वांग्याची भाजी होती. वांगी उन्हानं चांगली भरली होती.

आबाजी मधूनच डोळे उघडायचे. मला पाहिलं की "आले का?" म्हणायचे आणि परत मिटायचे. एके सकाळी मी निघायला लागलो तर म्हणाले, "बसा ना जरा." म्हणून बसलो. गावची गोष्ट सांगा म्हणाले, तर मी सांगितलं की कापसाला मजूर मिळत नाहीत आणि थ्रेशरवाला उद्धट आहे. त्यावर आबाजींनी थ्रेशरवाल्याच्या आजोबांचा उद्धटपणा सविस्तर सांगितला आणि थकून झोपले. पोट वर गेलं, खाली आलं.

त्याच दिवशी त्यांचा मुलगा मला अंगणापर्यंत सोडायला आला. तो माझ्याच वयाचा, मला भाऊजी म्हणतो.

"भाऊजी, एक सांगाचं होतं. बाबा दवाखान्यात म्हनत होते, गेलो तर दुसऱ्याचं लाकूड नको. धुऱ्यावरच्या बाभळीवर ठेवजो म्हने मले. तुमचं अन् त्याईचं त्या झाडावरून वाजते, मले माहीत आहे. पन आता आखरीचं आहे. तुमी नाई नका म्हनू."

"नाही म्हणणार नाही," मी म्हणालो.

"मोठं मन आहे तुमचं," तो म्हणाला आणि त्यानं माझा हात धरला.

मी घरी न जाता थेट वर्ध्याला गेलो. पट्टी पिशवीत होती. ती रोजच पिशवीत असायची. घरात ठेवली की मला ती दिसायची.

एका वेल्डिंगच्या दुकानात गेलो. मालक फोनवर कोणाला तरी गेट उद्या नक्की देतो असं सांगत होता, ते गेट कालचं असावं. त्यानं पट्टी हातात घेतली, एकदा वाकवून पाहिली आणि म्हणाला, "गॅसनं लाल करतो. दोन मिनिटात सुतासारखी."

"लाल करू नका," मी म्हणालो. "पोलादाचं पाणी उतरेल. मऊ पडेल, परत वाकेल."

"सर, कोन्या कॉलेजात शिकवता?"

"शिकवत नाही. ग्रंथपाल होतो."

"तरीच." त्यानं पट्टी परत दिली. "मंग तुमीच करा. तो शिकंजा आहे. आपलंच दुकान समजा."

मला वाटतं तो चेष्टा करत होता, पण मी ते खरंच धरलं. मी वाचून गेलो होतो. पट्टीच्या एका बाजूला लाकडाचे दोन ठोकळे, थोड्या अंतरावर. दुसऱ्या बाजूला बरोबर वाकाच्या टोकावर एक. तिन्ही शिकंज्याच्या जबड्यात धरायचे आणि दांडी हळू फिरवायची. पोलाद वाकवून सोडलं की थोडं मागं येतं, म्हणून सरळ करायचं तर सरळच्या थोडं पलीकडे न्यावं लागतं. किती पलीकडे, हे पोलाद सांगत नाही. आवळायचं, सोडायचं, एक डोळा मिटून पाहायचं, परत आवळायचं. माझे दोन वाक होते, त्यातला हातोडीचा माझा स्वतःचा, तो आधी काढला. मालक फोन ठेवून पाहायला आला. त्याची दोन गिऱ्हाइकंही आली.

"काय आहे हे?"

"सर आहेत. पट्टीले आसन शिकवून राह्यले."

"कवापर्यंत?"

"ते पट्टीच्या मनावर आहे."

शेवटी कड बऱ्यापैकी सरळ दिसायला लागली. पण डोळ्यांवर माझा विश्वास राहिला नव्हता. पट्टी अगदी सपाट जागेवर ठेवून डुलते का ते पाहायचं होतं. शेजारी झेरॉक्सचं दुकान होतं. तिथल्या मशीनच्या काचेइतकं सपाट त्या गल्लीत काही नव्हतं. मी विनंती केली. दुकानातल्या बाईंनी झाकण उचललं आणि पट्टी काचेवर ठेवताना माझ्याकडे पाहिलं.

"पुढून मागून दोन्ही काढायची?"

"कॉपी नको. सपाट आहे का तेवढं पाहायचंय."

"आधार कार्ड असतं तर मी समजली असती," त्या म्हणाल्या. मी टोकावर बोट दाबलं. पट्टी एका कोपऱ्यावर जरा डुलली. कागद सरकेल एवढी फट होती. तेवढ्यानं चालेल असं मी ठरवलं, कारण ठरवणारा मीच होतो. पिळताना एका जागी खाचेच्या कडा मिटल्या होत्या, त्या करवतीच्या जुन्या पात्यानं उघडल्या आणि वर आलेली धार कानशीनं घासून काढली. घरी येऊन साखळी चढवली. हातानं ओढली तर ती न अडता फिरली. बायकोनंही ओढून पाहिली.

"फिरते," ती म्हणाली. "कापते का?"

हा प्रश्न उरला होता. चालवल्याशिवाय ते कळणार नव्हतं, आणि न कळता ती समितीच्या हातात द्यायची माझी तयारी नव्हती. शिवाय आबाजींना हवं असलेलं लाकूड अर्धं कापलेलं पडलं होतं, ते पूर्ण करून ठेवलं तर माझ्या चोरीला थोडा सेवेचा आकार आला असता. एकच काप, असं म्हणून मी सकाळी वावरात गेलो. तूर ओलांडून बाभळीजवळ बसलो, अडकलेल्या कापात या वेळी पाचर ठोकली, मशीन सुरू केली आणि पट्टी लाकडावर टेकवली. ती कापायला लागली. काप किंचित डावीकडे जात होता, पण जात होता. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा आनंदी होतो.

थ्रेशर त्या दिवशी नव्हतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. सोयाबीन संपलं होतं. वाऱ्याशिवाय शिवारात काही आवाज नव्हता आणि वारा गावाकडे होता. कटर फक्त सरणासाठी सुरू होईल, हा नियम गावातल्या लेकरांनाही पाठ होता. नियम माझा होता.

काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. आवाज ऐकून लोकांनी हातातली कामं टाकली. पुरुषांनी खांद्यावर दुपट्टे घेतले. आबाजींच्या अंगणात माणसं जमायला लागली. दोघी म्हाताऱ्यांनी दाराशी बसून गळा काढला. आत आबाजींचा मुलगा त्यांना चमच्यानं पेज पाजत होता. आबाजींनी पेज गिळली आणि विचारलं, "कोन गेलं?"

मुलानं बाहेर येऊन तेच विचारलं. बाहेरच्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग सगळे मिळून आवाजाकडे कान लावून उभे राहिले.

मुलगा तुरीतून आला तेव्हा मी दुसरा काप घेत होतो. एकच ठरला होता. मी मशीन बंद केली. त्यानं मला पाहिलं, मग बाभळीला पाहिलं. बुंध्याचे दोन तुकडे शिस्तीत शेजारी शेजारी ठेवलेले होते.

"भाऊजी," तो म्हणाला, "हे काय आहे?"

मी मशीन खाली ठेवली.

"म्या तुमाले काल सांगतलं अन् तुमी आज... बाबा जित्ते आहेत ना. जित्त्या मानसाचं सरन आधीच तोडते का कोनी?"

आमच्याकडे ते फार अभद्र मानतात. आजारी माणूस घरात असताना कोणी बांबूकडे पाहतसुद्धा नाही. माझ्याकडे आता दोन उत्तरं होती. एक, की मी त्याच्या बापासाठी लाकडं तोडत नव्हतो, मी बाप दवाखान्यात असताना त्यांचं झाड चोरून तोडलं होतं, तेही वांग्यांसाठी, तेही स्मशानाच्या मशीननं. दुसरं उत्तर म्हणजे गप्प बसणं. मी दुसरं निवडलं आणि ते पहिल्यापेक्षा वाईट निघालं. त्याला वाटलं मी घाई केली. तो खाली मान घालून परत गेला. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं, पण मी जावई होतो.

दुपारी बायको विहिरीवरून आली आणि कळशी जरा जोरात ठेवली.

"लोकं म्हनून राह्यले, तुमी आबाजी मरायची वाट पाहत तिथं बसत होते रोज."

"मग?"

"मग काई नाई. मी भांडली. म्हटलं, माह्या नवऱ्याच्या मनात असं येनारच नाई."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. कळशीकडे पाहत होती.

संध्याकाळी आबाजींचा निरोप आला, जावयाला पाठवा. मी गेलो. अंगणातल्या लोकांनी वाट दिली, जरा जास्तच दिली. आत आबाजी भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांना बसलेलं कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. मुलगा दाराशी उभा होता. मी माझ्या स्टुलावर बसलो.

"जवाई," आबाजी म्हणाले, "एक इचारतो. खरं सांगजा."

"विचारा."

"बाभूळ कायले तोडली? वांग्यासाठी का माह्यासाठी?"

त्यांनी विचारताना चादर मुठीत धरली होती. एवढा भांडखोर माणूस, पण चादर सोडत नव्हता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सकाळी तो आवाज ऐकल्यापासून ते हाच विचार करत पडले असतील. माझी अब्रू जाणार होती, एवढंच मी आठवडाभर पाहत आलो होतो. इथं दुसऱ्याच गोष्टीचा निकाल लागायचा होता.

"वांग्यासाठी," मी म्हणालो.

"कवा?"

"तुम्ही दवाखान्यात गेलात तेव्हा. पाडली, आणि तुकडे करताना पट्टी वाकली. ती दुरुस्त झाली का ते आज पाहत होतो."

"म्हंजे मी घरी नाई पाहून. माह्या धुऱ्यावरची. चोरून."

"हो," मी म्हणालो, आणि मग सवयीनं, "पण धुरा अर्धा आमचा आहे."

चादरीवरची मूठ सुटली.

"चोट्टा आहेस तू," ते म्हणाले.

दाराशी उभा असलेला मुलगा दचकला. गावच्या जावयाला त्यांनी तोंडावर शिवी दिली होती, आणि तीही तू म्हणून. मला मात्र इतक्या दिवसांत कोणी इतकं योग्य काही म्हटलं नव्हतं.

"सूनबाई, चहा ठेव," आबाजी आतल्या दिशेनं म्हणाले. "साखर टाकजो. अन् या चोट्ट्यालेबी दे." मग मला म्हणाले, "सकाळी लय घाबरलो बा मी. वाटलं, यानंबी मले पोचवलं. सगळे येते, उभ्याउभ्या पोटाकडे पाह्यते, वर-खाली होते का. तू एकटाच बसत होता. बोलत होता. म्हटलं, हाच जर लाकडं तोडून राह्यला तर मंग काई खरं नाई."

इथं मी काहीतरी बोलायला हवं होतं. मीही पोटाकडेच पाहत होतो, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पट्टीचं सांगितलं, बाभळीचं सांगितलं. हे त्याच ओळीतलं तिसरं होतं. चहा आला. आबाजींनी बशीत ओतला, फुंकर मारली, आणि बशी धरलेला त्यांचा हात स्थिर होता. मी चहा घेतला. ते वाक्य अजून माझ्याकडेच आहे.

पट्टीचं प्रकरण समितीपुढे आलं. मी राजीनामा देऊ केला. अध्यक्षांनी विचार करून सांगितलं, की मशीन जवाईबापूकडेच राहू द्या, आता तर त्याईच्यानं ते वापरल्याच जाणार नाई. दिवाळीनंतर नागपूरहून नवी पट्टी आली, ती मी बसवली. जुनी गोठ्यात खिळ्याला टांगली आहे. दूध काढताना ती दिसते. एका कोनातून पाहिलं तर सरळ दिसते.

बाभळीची वाटणी आबाजींनी स्वतः धुऱ्यावर खुर्ची टाकून केली. काठी टेकवत दाखवत गेले, हे माह्यं, हे माह्यं, हे तुह्यं. बुंधा त्यांना गेला, फांद्या आम्हाला आल्या, काटे दोघांना. बुंधा सरणासाठी राखून ठेवायचा का, असं मुलानं जरा चाचरत विचारलं. आबाजी म्हणाले, थंडी पडली आहे, उगाच कायले ठेवाचं.

तेव्हापासून रोज सकाळी त्यांच्या अंगणात त्या लाकडावर आंघोळीचं पाणी तापतं. बाभळीला आच फार असते आणि पाणी कडक होतं, अशी आबाजींची तक्रार आहे.